लेकराच्या नावाने निधी उभारताना

मूल गेल्यावर पहिल्या दहा-बारा दिवसांत भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण निघताना चपला घालता घालता विचारतो, “आम्ही काही करू शकतो का?” त्याला खरंच काहीतरी करायचं असतं. आणि नेमकं त्याच दिवसांत आईबाबांच्या अंगात काही ठरवायचं त्राण नसतं. म्हणून स्मृतिनिधीचं काम सुरुवातीला दुसऱ्या कुणीतरी हातात घ्यावं लागतं: मामा, आत्या, शेजारच्या काकू, बाबांचा ऑफिसातला मित्र. पुढचं सगळं त्या माणसासाठी आहे. दुर्मीळ आजाराने गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात निधी उभारायचा तर सुरुवात कुठून करायची, काम कुठे अडतं, आणि हिशेब असा कसा ठेवायचा की त्या लेकराच्या नावाकडे कुणाला कधी बोट दाखवता येऊ नये.

आधी जुनं आवाहन थांबवा

दुर्मीळ आजारात बहुतेक घरांनी मूल असतानाच उपचारांसाठी लोकांना साद घातलेली असते. सोळा कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. ही आवाहनं व्हॉट्सॲपवर फिरत राहतात, कारण त्यांच्यावर तारीख नसते. मूल जाऊन सहा महिने झाले तरी एखाद्या ग्रुपवर त्याचा नळी लावलेला फोटो आणि क्यूआर कोड येतो, कुणीतरी कळवळून पैसे पाठवतं, आणि मग दुसरं कुणीतरी लिहितं, “अहो, ते बाळ तर गेलं ना?” नवा निधी सुरू व्हायच्या आधीच त्याच्यावर संशय येतो तो असा.

म्हणून पहिल्या आठवड्यात एवढं कराच. ज्या क्राउडफंडिंग मंचावर मोहीम चालू होती, तिथे ज्याच्या नावाने मोहीम उघडली त्याच्याच ईमेलवरून ती बंद करायला सांगा. मृत्यूचा दाखला मागतात, त्याची प्रत तयार ठेवा. वैयक्तिक यूपीआय आयडी दिला असेल तर तो बँकेच्या ॲपमधून काढून टाका. मग जुन्या आवाहनाच्याच आकाराचं एक नवं चित्र करा: “हे आवाहन दि. … रोजी बंद केलं आहे. कृपया पैसे पाठवू नका, जुना फोटो पुढे पाठवू नका.” ज्या ज्या ग्रुपवर पहिलं गेलं, तिथे तिथे हे गेलं पाहिजे.

उरलेल्या पैशांचं काय, हा सगळ्यात नाजूक प्रश्न. ते पैसे लोकांनी एका मुलाच्या उपचारासाठी दिले होते. ते घरच्यांची बचत होत नाहीत, आणि न विचारता नव्या निधीत वळवायचेही नसतात. आधी रुग्णालयाची आणि औषधवाल्याची बाकी चुकती करा. मग एका पानावर मांडा: एकूण जमा, रुग्णालय, औषधं, चाचण्या, प्रवास, शिल्लक. ते पान देणगीदारांना पाठवून तीस दिवस द्या: पैसे परत हवे असतील तर कळवा, अन्यथा शिल्लक अमुक संस्थेला अमुक कामासाठी जाईल. परत मागणारे फार थोडे असतात, पण विचारणं चुकवू नका. मंचाकडेच काही रक्कम पडून असेल तर तिचं ते काय करणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

खातं कुणाचं?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि होतात त्या प्रेमापोटी. काका म्हणतात, “माझ्या खात्यात टाका, मी बघतो.” तसं करू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून एखाद्या व्यक्तीला वर्षभरात पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर ती सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर कर लागतो. आयकराच्या व्याख्येत सख्खी भावंडं, मामा, काका, आत्या, मावशी येतात. चुलत-मावस भावंडं येत नाहीत. शिवाय बचत खात्यात अचानक दीडशे अनोळखी लोकांचे पैसे यायला लागले की बँक विचारणा करते, कधी खातं गोठवते, आणि त्या काकांच्या घराचा हप्ताही अडकतो.

वर्गणीचाही कायदा आहे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या कुणीही धर्मादाय कामासाठी जाहीर वर्गणी गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची वाट धरावी लागते. गणेशोत्सव मंडळं वर्गणीआधी परवानगी काढतात ती हीच.

मग स्वतःचा ट्रस्ट काढावा का? पहिल्या वर्षी नाही. न्यासपत्र, विश्वस्त, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, पॅन, बँक खातं, मग आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) मान्यता, यात महिने जातात. आणि नंतर दरवर्षी हिशेबतपासणी, आयकर विवरण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. दुःखात उत्साहाने काढलेले आणि तिसऱ्या वर्षी विवरणं थकलेले ट्रस्ट काही थोडे नाहीत. वर्षाला पाच-सात लाख रुपये आणि कायम काम करणारी चार माणसं, दोन्ही असतील तेव्हा ट्रस्टचा विचार करा.

त्याऐवजी आधीपासून त्या आजारावर काम करणारी नोंदणीकृत संस्था गाठा आणि तिच्यात मुलाच्या नावाने वेगळा निधी ठेवायला सांगा. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी (एसएमए) या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारासाठी क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया ही पालकांचीच संस्था आहे. गोशे, पोम्पे, एमपीएस यांसारख्या लायसोसोमल, म्हणजे एंझाइमच्या कमतरतेमुळे पेशींत नको ते साचत जाणाऱ्या आजारांसाठी एलएसडीएसएस (लायसोसोमल स्टोरेज डिसऑर्डर्स सपोर्ट सोसायटी) आहे. सगळ्याच दुर्मीळ आजारांसाठी बंगळुरूची ओआरडीआय (ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया) आहे. मुंबईत परळचं केईएम हे दुर्मीळ आजारांचं केंद्र सरकारने ठरवलेलं उत्कृष्टता केंद्र. महापालिकेच्या या रुग्णालयात गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो. तुमच्या गावातला जुना, विश्वासाचा वैद्यकीय ट्रस्टही चालेल. कुणाकडेही गेलात तरी ८०जी प्रमाणपत्र स्वतः पाहा आणि त्याची मुदत वाचा.

संस्थेशी एक पानी पत्र करून घ्या, दोन्हीकडच्या सह्यांनिशी. त्यात निधीचं नाव आणि काम, खर्चाला मंजुरी कोण देणार, संस्था व्यवस्थापनासाठी किती टक्के ठेवणार, हिशेब दर किती महिन्यांनी मिळणार, आणि निधी बंद केला तर शिल्लक कुठे जाणार, या पाच गोष्टी हव्यात. पाचवी लिहायला सगळ्यांना अवघड जातं, पण तीच पुढे भांडण टाळते.

पैशाने काय करायचं, तेही आकड्यात

“दुर्मीळ आजारांच्या मुलांना मदत” एवढं लिहिलं तर लोक एकदा देतात, पुढच्या वर्षी देत नाहीत, कारण काय झालं ते त्यांना कळत नाही. आणि “अशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून संशोधन” हे मनातून येतं खरं, पण दोन लाखांत संशोधन होत नाही. सरकारी पैसा जिथे पोचत नाही अशी फट शोधा. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ चं. २०२२ पासून त्यात उत्कृष्टता केंद्रात नोंद झालेल्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती उपचारांसाठी आहे. उपचारापर्यंत पोचायला लागणारं भाडं, मुक्काम, दोन वेळचं जेवण आणि आईचा बुडालेला रोज त्यात येत नाही.

गोशेच्या मुलाला एंझाइमची सलाईन दर चौदा दिवसांनी लागते, म्हणजे वर्षाला २६ खेपा. नांदेडहून माय-लेकरू देवगिरीने दादरला उतरणार, तिथून टॅक्सीने परळ, एक रात्र मुक्काम आणि परत. एका खेपेला अडीच हजार रुपये धरू. २६ खेपांचे ६५,००० झाले. अशी तीन कुटुंबं घेतली तर १,९५,०००. अडीअडचणीला दहा टक्के वर, म्हणजे २,१४,५०० होतात. ही बेरीज दोघांनी वेगवेगळी करून पाहायची असते, कारण आवाहनात एकदा चुकलेला आकडा मागे घेता येत नाही. तुमचं लक्ष्य झालं २ लाख १५ हजार. आता आवाहनात लिहिता येतं: “२,५०० रुपयांत एका मुलाची सलाईनची एक खेप होते.” हे वाक्य लोकांच्या लक्षात राहतं.

दुसरी कामंही अशीच मोजता येतात. घरी वापरायचं सक्शन मशीन (कफ ओढून काढणारं) आणि बायपॅप (श्वासाला आधार देणारं यंत्र) उसने देण्याची पेढी. चयापचयाच्या आजारांतल्या मुलांचं खास दूध. आणि ज्याच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही ते काम, जनुकीय चाचणी. यातले बरेच आजार आई आणि बाबा दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणारे, असल्याने होतात, आणि मग दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. आई पुन्हा गरोदर असेल तर वारेची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते, आणि गेलेल्या मुलाचा नेमका जनुकीय अहवाल हाती नसेल तर तीही अवघड होऊन बसते. या कामासाठी निधी ठेवलात तर मंजुरी दोन दिवसांत देता आली पाहिजे. महिन्याच्या बैठकीची वाट पाहण्याइतका वेळ त्या आईकडे नसतो.

काही घरांना कायम ठेव ठेवून व्याजावर काम चालवायचं असतं. ते चांगलंच आहे, पण गणित आधी करा. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६५,००० व्याज हवं तर ठेव दहा लाखांची लागते. एवढ्यात एकाच कुटुंबाचा प्रवास भागतो. कायम निधीसाठी दिलेल्या देणगीवर “ही रक्कम कायम निधीत जमा करावी” असं देणगीदाराने लेखी द्यावं लागतं, नाहीतर ती त्या वर्षीच्या खर्चाची रक्कम धरली जाते.

कुणाकडे किती मागायचे

२,१५,००० रुपये “सगळ्यांनी थोडे थोडे” करून जमत नाहीत. कागदावर असं मांडा: पाच जण वीस-वीस हजार, म्हणजे एक लाख. दहा जण पाच-पाच हजार, पन्नास हजार. चाळीस जण एक-एक हजार, चाळीस हजार. पन्नास जण पाचशे-पाचशे, पंचवीस हजार. देणारे १०५ झाले. मागावं लागतं याच्या तिप्पट लोकांकडे. वीस हजारांची पाच नावं आधी पेनने लिहा आणि त्यांना ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी प्रत्यक्ष भेटा. आधी ग्रुपवर आवाहन गेलं की वीस हजार देऊ शकणारा माणूसही हजार पाठवून मोकळा होतो. त्यात त्याची चूक नसते, त्याला कुणी वेगळं विचारलेलंच नसतं.

ग्रुपवरचा मेसेज मोबाइलच्या एका पडद्यात मावला पाहिजे. नमुना असा:

“आमच्या लाडक्या … हिला जाऊन महिना झाला. तिच्या स्मरणार्थ आम्ही तीन कुटुंबांचा वर्षभराचा मुंबईचा प्रवास उचलत आहोत. या मुलांना दर पंधरवड्याला सलाईनसाठी यावं लागतं. एका खेपेला २,५०० रु. लागतात, वर्षाला एकूण २,१५,००० रु. हवेत. देणगी … या संस्थेच्या खात्यातच द्यावी, ८०जी पावती मिळेल. मुदत: … तारखेपर्यंत. काही विचारायचं असल्यास: (मामाचं नाव आणि नंबर). कृपया आई-बाबांना फोन करू नये.”

शेवटची ओळ गाळू नका.

८०जीबद्दल लोक विचारतात, त्यांना नीट सांगा. ही वजावट बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते आणि तिला उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादाही असते. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिले तर मिळत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्याला मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलण्यात ८०जीच आहे. पावतीवर काय छापायचं ते संस्थेच्या सीएला विचारा. पॅन देणगीबरोबरच मागून घ्या. वर्ष संपल्यावर संस्थेला देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरावी लागते, तेव्हा मे महिन्यात साठ जणांना पॅनसाठी फोन करणं फार जिकिरीचं होतं.

पावती, क्यूआर आणि डबा

क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा. स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचं नाव दिसतं, हे आवाहनात लिहा; दुसरं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका, हेही लिहा. यूपीआयमध्ये टीप लिहायला लोक विसरतात, त्यामुळे संस्थेच्या खात्यात आलेले हजार रुपये तुमच्या निधीचे की दुसऱ्या कशाचे हे कळत नाही. उपाय सोपा: एक छोटा ऑनलाइन फॉर्म, त्यात नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. दर रविवारी एकाने फॉर्मची यादी आणि बँकेचा उतारा समोरासमोर ठेवून टिक मारायची. जुळत नाही ते पिवळं करून त्याच दिवशी विचारायचं. तीन आठवडे साचलं की मग जुळत नाही.

रोख रकमेला छापील, क्रमांक घातलेलं पावती पुस्तक वापरा, तेही संस्थेचंच. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं, क्रमांक कितीपासून कितीपर्यंत, हे वहीत सहीनिशी लिहा. रद्द झालेली पावती फाडून टाकायची नाही. दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवून आडवी रेघ मारायची. गहाळ झालेला एक पावती क्रमांक शंभर बरोबर पावत्यांवर पाणी फिरवतो.

कार्यक्रमात डबा ठेवणार असाल तर तो पारदर्शक घ्या. सकाळी रिकामा डबा दोघांनी पाहायचा, झाकणाच्या फटीवर कागदी पट्टी चिकटवायची आणि दोघांनी अशी सही करायची की अर्धी पट्टीवर, अर्धी डब्यावर येईल. संध्याकाळी त्याच दोघांसमोर पट्टी फाडायची, टेबलावर दुसरं काही नको. नोटा लावून चिठ्ठीवर लिहायचं: ५०० च्या १४, सात हजार, २०० च्या ९, अठराशे, १०० च्या ३१, तीन हजार शंभर, ५० च्या १८, नऊशे, नाणी ४३५. एकूण १३,२३५. खाली दोन सह्या, तारीख, वेळ. चिठ्ठीचा फोटो लगेच कामाच्या ग्रुपवर टाकायचा आणि रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी पूर्णच्या पूर्ण भरायची. चहावाल्याचे चारशे त्यातूनच देऊन टाकू, असं कुणीतरी म्हणतंच; देऊ नका. जमा सगळी बँकेत, खर्च सगळा बँकेतून. नाहीतर चिठ्ठी, पासबुक आणि वही यांत तीन वेगळे आकडे येतात.

डब्यातलं दान निनावी असतं. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या तर संस्थेला वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. म्हणून डब्याशेजारी वही ठेवून नाव-पत्ता लिहून घेण्याचा आग्रह धरा.

चालफेरी काढायची असेल तर

दुर्मीळ आजार दिन फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी असतो. २००८ साली तो पहिल्यांदा पाळला गेला तो २९ फेब्रुवारीला, चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला. त्याच्या आसपासचा रविवार चालफेरीला चांगला. ओआरडीआय ‘रेसफॉरसेव्हन’ घेते, त्यातलं सात किलोमीटर अंतर हे दुर्मीळ आजारांच्या सुमारे सात हजार या संख्येवरून आलं आहे. तुमच्या गावात एवढं अंतर नको. व्हीलचेअरवरची मुलं येणार, त्यांच्याबरोबर थकलेले आईबाप येणार. दोन किलोमीटर, सपाट रस्ता, चढ नाही, आणि पदपथाची कड उतरायला लागणार नाही असा मार्ग. मार्ग नकाशावर ठरवू नका. आदल्या रविवारी त्याच वेळी रिकामी व्हीलचेअर ढकलत चालून बघा. गतिरोधक, पेव्हर ब्लॉक आणि उघडी गटारं तेव्हाच कळतात.

दीडशे माणसांसाठी सकाळी सातला सुरुवात, साडेआठला सांगता. विदर्भ-मराठवाड्यात त्यानंतर ऊन सोसत नाही. माणशी अर्धा लिटर धरून ७५ लिटर पाणी, म्हणजे वीस लिटरचे चार जार पुरतात, पाचवा हाताशी ठेवा. बायपॅपवरची मुलं येणार असतील तर चार्जिंगला जागा आणि सावलीतली खोली हवी. अपंगांना वापरता येईल असं स्वच्छतागृह जवळ नसेल तर मार्गच बदला. पोलीस ठाण्यात अर्ज किमान तीन आठवडे आधी द्या आणि पोचपावती घ्या. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते.

पैसे खाणारी गोष्ट म्हणजे टी-शर्ट. दीडशे टी-शर्ट दोनशे रुपयांनी तीस हजार होतात, म्हणजे बारा खेपांचं भाडं. छातीला लावायची कापडी फीत पुरते. कार्यक्रमाचा सगळा खर्च आधी एखाद्या दुकानदाराकडून किंवा सोसायटीकडून उचलून घ्या; मगच “तुमचा प्रत्येक रुपया मुलांपर्यंत जाईल” हे लिहा. तो खर्च कुणी उचलला नसेल तर ते वाक्य लिहू नका.

नाटकाचा किंवा गाण्याचा मदतीचा प्रयोग ठेवला तर लक्षात असू द्या: तिकीट म्हणजे देणगी होत नाही, त्यावर ८०जी पावती देता येत नाही. तिकीट वेगळं, देणगी वेगळी, दोन पुस्तकं. धावणाऱ्यांसाठी जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन आहे; तिचं देणगीचं काम युनायटेड वे मुंबई पाहते. पण आधी संस्था तिथे नोंदलेली हवी, आणि ती तयारी काही महिने आधी करावी लागते.

परदेशातले नातेवाईक आणि कंपन्या

अमेरिकेतला मामा अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर तो आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून नेहमीसारखी देणगी देऊ शकतो. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ते पैसे परदेशी देणगी ठरतात. संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी असेल तरच आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घेता येतात. एफसीआरए असलेल्या संस्थेने घेऊन तुमच्या संस्थेला पुढे द्यावेत, हेही २०२० पासून बंद आहे. म्हणून परदेशातून देणाऱ्याला “पासपोर्ट कुठला?” हा प्रश्न आधी विचारा; भाच्याच्या नावाने आलेले पैसे परत पाठवण्यापेक्षा तो प्रश्न सोपा. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा तर संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचं काम लागतं. पहिल्या वर्षी त्यामागे फार धावू नका.

मदत देताना

तिघांची समिती करा: एक संस्थेचा, एक रुग्णालयातला सामाजिक कार्यकर्ता किंवा डॉक्टर, एक कुटुंबाच्या बाजूचा. आई-बाबांना त्यात घालू नका, निदान पहिलं वर्ष. दुसऱ्या आईला “नाही” म्हणायचं काम त्यांच्यावर कधीच येऊ नये.

कागद तीनच मागा: रुग्णालयाचं पत्र, पुढच्या तारखेची नोंद, बँक खात्याची प्रत. भाडं खेपेच्या आधी द्या. “बिल आणा, मग देऊ” म्हटलं की ज्याच्याकडे मुळात पैसे नाहीत तो खेपच चुकवतो. यंत्र घ्यायचं तर रक्कम थेट विक्रेत्याला. उसन्या यंत्रांच्या वहीत यंत्राचा क्रमांक, दिल्याची तारीख, फिल्टर बदलल्याची तारीख लिहा. मास्क आणि नळी प्रत्येक मुलाला नवी. यंत्र परत येतं तेव्हा ते बहुतेक वेळा मूल गेल्यामुळेच येतं. तेराव्याच्या आधी ते आणायला कुणी जाऊ नये, त्यासाठी फोनही करू नये. पुढे जाताना ओळखीचाच माणूस जावा.

मदत घेणाऱ्या मुलाला स्टेजवर उभं करून धनादेशाचा फोटो काढू नका. तिथे उभं राहावं लागेल या भीतीने काही आया अर्जच करत नाहीत.

नाव आणि फोटो

आई आणि बाबा दोघांची संमती लेखी घ्या, एकाची पुरत नाही. फोटो हसरा, आजारपणाआधीचा किंवा बऱ्या दिवसातला. शक्य असेल तर निधीला घरातलं लाडाचं नाव द्या, आडनाव नको. कारण साधं आहे: आजार जनुकीय आहे आणि घरात मोठी बहीण आहे. आज आडनावासकट छापलेला आजार दहा वर्षांनी तिच्या लग्नाच्या बोलण्यात निघतो. वाहक असणं हा आजार नाही, पण हे प्रत्येकाला समजावत बसायची वेळ तिच्यावर का आणायची? गावाकडे लोक आईलाच बोल लावतात. म्हणून माहितीपत्रकात “आई-वडील दोघांकडून एक-एक सदोष जनुक येतं तेव्हाच हा आजार होतो” असं, तुमच्या मुलाच्या आजाराला ते लागू असेल तर, ठळक लिहा. आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण काही आजार फक्त आईकडून येतात आणि काही नव्यानेच उद्भवतात.

वर्ष भरलं की

हिशेब मुलाच्या वाढदिवसाला पाठवायचा की पुण्यस्मरणाला, ते आई-बाबांना विचारा. बऱ्याच जणांना वाढदिवस बरा वाटतो. एक पान पुरे: जमा किती, किती खेपा झाल्या, किती चुकल्या आणि का, शिल्लक किती. चुकलेल्या खेपा लपवू नका. ७८ पैकी ७१ झाल्या, सात पावसाने रेल्वे बंद असल्याने हुकल्या, असं लिहिलं की लोकांचा विश्वास वाढतो. प्रत मोठ्या देणगीदारांनाच नाही, पाचशे देणाऱ्यालाही गेली पाहिजे.

पुढच्या वर्षी चालू ठेवायचं का, हे तेव्हाच ठरवा. एका वर्षाने थांबलेला निधी अपुरा राहिला असं नसतं. तीन मुलांच्या खेपा पूर्ण झाल्या, एवढं काम पुरेसं आहे. थांबायचं ठरलं तर त्या तीन कुटुंबांना किमान दोन महिने आधी सांगा आणि पुढची सोय कुठे होईल ते सामाजिक कार्यकर्त्याशी बोलून लिहून द्या. शिल्लक रक्कम संस्थेशी केलेल्या पत्रातल्या पाचव्या मुद्द्याप्रमाणे वळवा, पावती पुस्तकांची स्थळप्रत संस्थेकडे जमा करा, ऑनलाइन फॉर्म बंद करा. आणि वाण्याच्या, केमिस्टच्या, पोळी-भाजी केंद्राच्या काउंटरवर चिकटवलेले क्यूआरचे स्टिकर स्वतः फिरून, मोजून उतरवून आणा. किती लावले होते ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं असेल तर एकही मागे राहत नाही.